आतल्या बाजूने झिजलेली टाच

माणसानं खोटं बोलावं. संसारात थोडंफार चालतं. पण निदान आपल्या धंद्याला शोभेल असं तरी बोलावं! ज्यानं सगळं आयुष्य बुटांचे तळ हातात धरून काढलं, त्यानं बुटाच्या तळाबद्दलच खोटं बोलावं, आणि तेही इतकं गबाळं, की बायकोनं चष्मा न लावता पकडावं? हद्द झाली.

हा माणूस म्हणजे आमचे हे. जोडे शिवतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली रस्त्याला लागून यांचं दुकान आहे. नवे जोडे शिवायचे, जुने दुरुस्त करायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या तळावरून त्याचा स्वभाव सांगायचा, हा यांचा उद्योग. "तुम्ही फार रागात चालता हो, उजवी टाच बघा," असं एखाद्या शांत माणसाला सांगतात, आणि तो बिचारा तिथंच रागावतो. मीही गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत दुकानात बसत होते. खळ लावली, दोरे ओढले, टाचा ठोकल्या. त्यामुळे तळ मलाही वाचता येतो. कोण पाय फाकवून चालतं, कोण चवड्यावर चालतं, कोणाला दोन पाय असून एकाच पायावर सगळा संसार टाकायची सवय आहे, मला सगळं कळतं. यांना मात्र वाटतं, बायकोला फक्त आमटीतलं मीठ कळतं.

दुकान सोडल्यापासून माझं सगळं राज्य खिडकीतून चालतं. दोरीला टोपली बांधली आहे. ती खाली सोडली की भाजीवाला भाजी टाकतो, पाववाला पाव टाकतो, हे दुकानातून वर्तमानपत्र टाकतात. टोपलीबरोबर रस्त्यावरच्या बातम्याही वर येतात. जिना उतरायची वेळच येत नाही. म्हणून तर मला कधी धाप लागत नाही! धाप लागते ती यांना.

मागच्या खेपेला लेक आली तेव्हाची गोष्ट. लेक एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा सुटते, पण तिची शाळा काही सुटत नाही. हे तिला आणायला स्टेशनवर गेले, ऐटीत तिची बॅग उचलली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसले. तोंड उघडं, चेहरा टोमॅटोसारखा लाल. मी वरून ओरडले, "अहो, काय झालं?" हे हातानं खुणा करून म्हणाले, "काही नाही. बोलू नको." बोलायला जवळ हवाच उरली नव्हती. नेमकी त्याच दिवशी मीही उंबऱ्याला अडखळले आणि हातातली काचेची बशी फुटली. आता उंबऱ्याला माणूस कधीमधी अडखळतोच. पायपुसणं दुमडलेलं होतं. पण लेकीनं कमरेवर हात ठेवले, एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना टॅक्सीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्या. यांचं पोट दाबून बघितलं, माझ्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि म्हणाल्या, "बसून बसून मांड्या-पोटऱ्यांतलं बळ जातं. मग पाऊल पुरतं उचललं जात नाही, ठेच लागते, आणि या वयात पडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. रोज चाला. साखर आटोक्यात राहील, छाती मजबूत होईल, झोप लागेल, तोल सावरेल, मन ताजं राहील. शर्यत लावायची नाही. चालता चालता बोलता आलं पाहिजे, इतपत वेग पुरे."

मी यांच्या बरगडीत कोपर खुपसत होते. ऐका, ऐका म्हटलं. सगळं तुमच्याबद्दलच चाललंय.

"काकू, तुम्हीसुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी?" मी म्हटलं. "अहो, मी पहाटेपासून उभीच असते. ओट्यापासून खिडकीपर्यंत दिवसभरात किती फेऱ्या होतात, विचारा यांना!"

त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

घरी आल्यावर लेकीनं निकाल सुनावला. "सुट्टी लागली की मी येणार. दोघांनी खालपासून घरापर्यंत न थांबता चढून दाखवायचं. जमलं तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही जमलं तर या घराला कुलूप, दुकानाला कुलूप, आणि दोघंही माझ्याकडे. तळमजला आहे, मागे बाग आहे. तुम्हाला काही कमी पडणार नाही."

काही कमी पडणार नाही, हे खरंच आहे. लेक गुणाची, जावई तर इतका शांत, की घरात आहे की नाही ते चप्पल बघून ठरवावं लागतं. पण पाहुणी म्हणून चार दिवस जाणं वेगळं आणि कायमचं जाणं वेगळं. तिथली खिडकी बागेकडे उघडते. बागेत काय, झाडं! झाडं काही खालून हाक मारून सांगत नाहीत, की समोरच्या घरात काल काय भांडण झालं. आणि आपल्याच पोरीच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे म्हणून विचारत फिरायचं? सरळ सांगते, मला भीती वाटली. माझं घर जाणार, आणि ते यांच्या पोटापायी जाणार, या विचारानं मला घास गोड लागेना. हे तर दुकानाशिवाय आठ दिवस टिकले नसते.

म्हणून मी यांच्या मागे लागले. चाला! हे म्हणाले, चालायचं तर चालायला साजेसे बूट पाहिजेत. मग स्वतःच्या पायाचा साचा काढण्यात आठवडा गेला. कातडं निवडण्यात दुसरा. शिवायला घेतले तर दोऱ्याचा रंग पसंत पडेना. जगात कुणी चालण्याची इतकी तयारी केली नसेल. शेवटी बूट झाले. झकास झाले होते, खोटं कशाला बोलू. सकाळी ते घालून हे खाली उतरायचे आणि बऱ्याच वेळानं परत यायचे. कपाळावर घामाचा थेंब नाही, मिशीत मात्र बिस्किटाचा चुरा.

"कुठपर्यंत गेला होतात?"

"टाकीपर्यंत," हे म्हणायचे. पाण्याची टाकी म्हणजे बाग ओलांडून, चढ चढून, पार वर. "काय हवा आहे गं तिथे!"

मी विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

त्याच सुमाराला माझी घरात घालायची चप्पल बिघडली. डावी चप्पल सारखी अडकायची. उंबऱ्याला अडकायची, गालिच्याला अडकायची, एकदा तर नुसत्या सपाट फरशीला अडकली. मी ती टोपलीत टाकून खाली सोडली आणि खिडकीतून ओरडले, "अहो जोडेवाले! सगळ्या गावाला जोडे घालता आणि घरच्या बाईला ठेचा खायला लावता होय? पुढून काय झालंय बघा तिला!" रस्ता हसला. यांनी काहीच उत्तर दिलं नाही. चप्पल दोन दिवसांनी दुरुस्त होऊन टोपलीतून वर आली, खाली नवा तळ, रबराचा. सोबत एक टोमणासुद्धा नाही. एरवी हे गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. मला वाटलं, लाजले असतील.

आणि मग एका सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी यांनी आपले बूट उलटे करून ठेवले. टेबलावर! "बघ," म्हणाले, "चालून चालून काय दशा झाली. आता तरी पटलं का?"

मी बघितलं. टाचा झिजल्या होत्या खऱ्या. पण आतल्या बाजूनं! लग्न झाल्यापासून मी यांचे बूट बघतेय. यांची टाच नेहमी बाहेरून झिजते, आणि डावीपेक्षा उजवी जास्त. चालतात तेच मुळी हलणाऱ्या होडीसारखे. इथं दोन्ही टाचा आतून, अगदी सारख्या, आणि त्यांवर बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेनं. रस्ता असा एका दिशेनं घासत नाही. दुकानातलं तळ घासायचं चाक घासतं. म्हणजे या माणसानं टाकी सोडाच, कोपरासुद्धा ओलांडला नव्हता. मोटार लावून बूट घासले होते आणि घासताना स्वतःचा पाय कसा पडतो हेही विसरला होता!

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण मी बोलले नाही. "छान," म्हटलं आणि चहा ओतला. कारण नुसतं म्हटलं असतं तर यांनी शंभर सबबी सांगितल्या असत्या. यांना रंगेहाथ पकडायचं, लेक यायच्या आत पकडायचं आणि पकडून टाकीपर्यंत चालवायचं, असं मी ठरवलं. माझ्या घराचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी हे उतरले, आणि मागोमाग मी. आता डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यापासून पहिल्यांदाच जिना उतरायचा म्हणजे कठडा धरणं आलंच. प्रत्येक वळणावर थांबले. थकले म्हणून नव्हे, हे पुढे गेले की नाही याची खात्री करायला. तळमजल्यावरची शिंपीणबाई जिन्यात झाडू मारत होती. तिनं मला बघितलं आणि झाडू तसाच वर राहिला.

"अगं बाई! काकू, तुम्ही खाली? टोपली तुटली का?"

"तुटली नाही. जरा काम आहे," मी म्हटलं आणि ठसक्यात रस्त्यावर आले. कोपऱ्यापर्यंत पोचले तोवर हे बागेच्या दिशेनं दिसेनासे झाले होते. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. परत फिरून शिंपीणबाईच्या पायरीवर बसले, तिनं दिलेलं पाणी प्यायले आणि मनातल्या मनात यांना जे काही बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण मी हार मानणारी नाही. रोज सकाळी हे पुढे, मी मागे. पहिले काही दिवस कोपऱ्याच्या पुढे गाडी जाईना. मग एकदा बागेच्या फाटकापर्यंत पोचले. हे बाकावर बसलेले! मी झाडाआड लपले. म्हटलं, हेच यांचं चालणं. पण मला जरा दम मिळतो न मिळतो तोच हे उठले आणि चालू लागले. असं रोज व्हायचं. मी मागे पडले की नेमकी यांच्या बुटाची नाडी सुटायची. स्वतः शिवलेल्या बुटाची नाडी एवढी कशी सुटते, हे मला कळेना, पण माझ्या पथ्यावर पडत होतं. कधी हे चष्म्याच्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहून स्वतःलाच बघत राहायचे. या वयात! मी पुन्हा झाडाआड.

आणि नशीब बघा, परत येतानाही यांना दुकानाचं कुलूप उघडायला, शेजाऱ्याशी गप्पा मारायला इतका वेळ लागायचा, की मी आधी घरात पोचून पदर सावरून ओट्याशी उभी. "काय, झालं का फिरून?" मी साळसूदपणे विचारायची. "झालं," हे म्हणायचे. शिंपीणबाई मात्र मी उतरायच्या वेळी रोज जिन्यात झाडू घेऊन हजर. आयुष्यात स्वतःचं अंगण न झाडलेली बाई! म्हटलं, माणसाला या वयात काय सुचेल सांगता येत नाही.

थंडी सरली. एव्हाना मी चढाच्या पायथ्यापर्यंत यायला लागले होते आणि तिथूनच मला गुन्हा दिसला. चढाच्या वरच्या टोकाला, टाकीखाली, बेकरी आहे. हे रोज त्या बेकरीत शिरत! साखर वाढलेला माणूस, बेकरीत! आता मला लागेल तो पुरावा समोर होता, फक्त मध्ये चढ होता. अर्ध्या चढावर पोचायची तोवर हे खाऊनपिऊन मागच्या गल्लीनं पसार व्हायचे. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच्या जरा पुढे. तिसऱ्या दिवशी अजून जरा. रागात माणूस किती चढू शकतो, याची मला कल्पनाच नव्हती. रात्री पडल्या पडल्या झोप लागायला लागली, ती मला वाटलं संतापानं लागते. भूक वाढली, तीही संतापानंच.

लेक उद्या येणार, त्या सकाळी मी निश्चय केला, की आज इकडचं जग तिकडे झालं तरी चालेल, पण हा माणूस बनसकट सापडला पाहिजे. चढ चढले. कुठेही न थांबता चढले. बेकरीचं दार धाडकन उघडलं आणि ओरडले, "सापडलात!"

दम लागलेला नव्हता, त्यामुळे आवाज चांगलाच खणखणीत निघाला. सगळी बेकरी वळून बघायला लागली. हे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. हातात क्रीमचा बन, मिशीला क्रीम. पण दचकले नाहीत. समोरची खुर्ची पायानं मागे ढकलली.

"ये," म्हणाले. "बस. आज अजून गरम आहे."

टेबलावर यांच्या कपासमोर दुसरा कप होता. भरलेला. वाफ निघत होती.

गल्ल्यावरचा बेकरीवाला हात जोडून म्हणाला, "आल्या का काकू एकदाच्या! अहो, काका रोज दोन चहा सांगतात. एक पितात, एक तसाच गार होतो, आणि उठून जातात. आम्हाला वाटलं, तुम्ही... म्हणजे, वारलात. बायको गेल्यावर काही लोकांना अशी सवय लागते."

"मी धडधाकट आहे!" मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे," बेकरीवाला घाईनं म्हणाला आणि ट्रे पुसायला लागला.

मी बसले. बसले ती बोलायलाच बसले. बुटाच्या टाचा, आतली बाजू, चाकाच्या रेघा, मिशीतला चुरा, बायकोच्या डोळ्यांत धूळ, उद्या लेक येणार आणि आपलं घर जाणार, सगळं एका दमात काढलं. हे बन खात खात ऐकत होते.

"झालं?" म्हणाले. "अगं, जन्म गेला माझा तळ घासण्यात. माझी टाच बाहेरून झिजते हे मला माहीत नसेल?"

"मग आतून का घासलीत?"

"तुला कळावं म्हणून. बाहेरून घासली असती तर तू 'वा वा' म्हणून चहा दिला असतास आणि खिडकीत जाऊन बसली असतीस."

मी कप बाजूला सारला.

"खरं सांग," हे म्हणाले, "तुला 'चल माझ्याबरोबर' म्हटलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"डॉक्टरीणबाईंचं ऐकलं असतंस?"

"मला काय झालंय त्यांचं ऐकायला!"

"तेच ते. तुला चालवायचं तर सांगून उपयोग नव्हता. पण माझी चोरी पकडायची म्हटलं, की तू जगाच्या टोकापर्यंत येशील. तेवढं मी तुला ओळखतो."

"म्हणजे ते बाकावर बसणं? ती नाडी? ती चष्म्याच्या दुकानाची काच?"

"काचेत तू छान दिसायचीस. झाडाआडून पदर बाहेर."

"आणि शिंपीणबाई?"

"तिला मीच उभी केली होती. जिन्यात तोल गेला असता तर? तिला फुकट दोन जोड शिवून द्यायचे आहेत."

सगळा रस्ता, सगळी आळी सामील, आणि आपण आपले झाडाआड! मला शेवटचं एक शस्त्र आठवलं. "पण पहिले ते आठवडे? टाकीची हवा? तेव्हा तर तुम्ही चालत नव्हतात ना?"

यांनी मान खाली घातली. "नव्हतो चालत. शटर अर्धं ओढून दुकानातच बसायचो. बिस्किटं खात. तुझ्या पायाखालीच." मग बन खाली ठेवला. अर्धा बन यांनी खाली ठेवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. "मग तू टोपलीतून ती चप्पल पाठवलीस."

"तिचं काय?"

"डाव्या पायाची पुढची कड दोऱ्यापर्यंत घासली होती. टाच मात्र नवीकोरी. तू पाऊल उचलतच नव्हतीस गं. घरातल्या घरात फरपटत होतीस." हे कपाकडे बघून बोलत होते, माझ्याकडे नाही. "दुकानात मागच्या फळीवर जोड पडलेत ना, कोणी न नेलेले? त्यांतल्या कितीतरी चपला अशाच पुढून घासलेल्या आहेत. दुरुस्तीला येतात. मग न्यायला कोणी येत नाही."

ती फळी मी कितीदा पुसली होती. त्यावरच्या चपलांकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि बेकरीवाल्यानं बघू नये म्हणून मी कप तोंडाला लावला.

"साखर जास्त आहे चहात," एवढंच सुचलं.

"आहे," हे म्हणाले. "बन अर्धा तू खा म्हणजे मला त्रास होणार नाही."

दुसऱ्या दिवशी लेक आली. स्टेशनवर आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हाच तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इमारतीपाशी आलो तशी तिनं पर्स खांद्यावर सारली, मुख्याध्यापिकेचा आवाज काढला आणि म्हणाली, "हं, चढा. मी मागून येते. थांबायचं नाही."

आता परीक्षेचं मला भान असायला हवं होतं. पण आदल्या दिवशीचा राग अजून पोटात तसाच होता. चार महिने मला सगळ्या गावासमोर झाडाआडून पळवलं! पहिल्या पायरीलाच मी यांना सुनवायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यापर्यंत नाडी झाली. दुसऱ्या मजल्यापर्यंत चष्म्याच्या दुकानाची काच झाली. बेकरीवाल्यानं मला जिवंतपणी मारलं, तो विषय रंगात आला होता तेवढ्यात खालून बारीक आवाज आला.

"आई... जरा थांब ना."

वळून बघितलं तर लेक दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, बाप बसला होता त्याच पायरीवर बसलेली. चेहरा लाल. पर्स मांडीवर.

"काय गं, काय झालं?"

तिनं हातानं खूण केली. बोलू नको.

"दिवसभर खुर्चीत बसून हेच होणार!" मी वरून म्हटलं. "चालतेस का कधी? टोपली सोडू का तुझ्या पर्ससाठी? सुट्टीत इथं राहा, सकाळी आमच्याबरोबर टाकीपर्यंत यायचं. ऐकलं नाहीस तर तुझ्या घराला कुलूप लावून तुलाच इथं घेऊन येईन!"

लेक हसायला लागली, आणि हसल्यामुळे तिला आणखी धाप लागली. "पास," ती कशीबशी म्हणाली. "दोघंही पास. जा आता वर."

मी किल्ली काढली, दार उघडलं, आणि कुलपाबद्दल, पर्सबद्दल, आजकालच्या खुर्च्यांबद्दल बोलत बोलत आत गेले. मागे काही आवाज येईना म्हणून वळले. हे दाराबाहेरच उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. उंबऱ्याकडे बघत होते, जिथून माझा डावा पाय नुकताच आत आला होता. तो कसा आला, अडखळला की नाही, मला ठाऊकही नव्हतं. यांना ठाऊक होतं. तीन मजले चढून यांना धाप लागली नव्हती. ती आता लागली. भिंतीला हात टेकून यांनी लांब श्वास सोडला, आणि डोळे पुसले.

"अहो, काय झालं?"

"काही नाही," हात हलवून म्हणाले. "बोलू नको."

पण न बोलणं माझ्या स्वभावातच नाही. मी परत उंबऱ्यापर्यंत आले आणि यांचा हात धरला. "उद्यापासून माझ्या बरोबरीनं चालायचं," मी म्हटलं. "असं पुढे पुढे जायचं नाही."